मागाची जागा

टेरी आमचा आधीपासूनचा.
पांढरा, जाड, धुतलेल्या टॉवेलसारखा, म्हणून टेरी.
शेंगी नंतर आली.
समोरची कलावती बिऱ्हाड घेऊन सुरतेला निघाली,
टेम्पोत कूलर चढला, देव चढले, गाद्या चढल्या
आणि बुट्टी माझ्या हातात.
“गाडीत मरतंय ओ हे. तुम्हीच ठेवा की.”
भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग.
नाव शोधावं लागलं नाही.

मला वाटलं, सशाला ससा, त्यात काय अवघड?
पहिल्याच रात्री मोरीत
केसांचा एवढा पुंजका, की कांडी भरली असती,
आणि टेरीचा कान फाटलेला, नखाएवढा.

डॉक्टर हिरेमठ म्हणाले, आधी दोघांची ऑपरेशनं.
मग महिनाभर थांबा.
पिंजरे शेजारी, मधे चार बोटं.
याचं फडकं तिच्याकडे, तिचं याच्याकडे.
आधी वास जाऊ द्या, अंग नंतर.
आणि भेट घालायची ती अशा जागी
जिथं दोघांपैकी कुणाचाच हक्क नाही.

अशी जागा!
दोन खोल्या, माणसं सहा,
खिळ्या-खिळ्याला कुणाचा ना कुणाचा शर्ट.
रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून.
शेवटी भाग्यलक्ष्मीच म्हणाली,
“आई, कारखाना.”

अकरा वर्षं मी तिथं कांड्या भरल्या.
संक्रांतीनंतर शेठनं माग विकले, किलोवर.
आता फरशीत बोल्टांची भोकं
आणि जिथं जिथं माग होता तिथं तेलाचा काळा चौकोन.
वॉचमन इराप्पानं कुलूप काढलं.
“काय करालाव ओ सशांना घेऊन?”
“ओळख करून द्यालाव.”
त्यानं स्टूल ओढलं आणि बसला.

दहा मिनिटं. रोज दहाच.
पहिल्या दिवशी गोल गोल पाठलाग, मी मधे केरसुणी घातली.
चौथ्या दिवशी दोघं दोन चौकोनांवर,
पाठीला पाठ, आपापलं अंग चाटत,
जणू इथं दुसरं कुणी नाहीच.
हे चांगलं असतं म्हणे.
इराप्पाला पटलं नाही.
मला पटलं. तुटलेलं सूत जोडताना
ओढलं की परत तुटतं,
एवढं तर हातांना ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी तिनं त्याला चावलं.
पुन्हा पिंजरे. पुन्हा चार बोटं.
त्या रात्री मी कलावतीला फोन लावला
आणि सशांचं सोडून सगळं बोलले.

मग ते ऊन आलं.
पत्र्याखाली भट्टी, वर पंख्याचा नुसता हूक.
कोथिंबिरीची जुडी नेली, आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली.
एकच. शेजारणीच्या फ्रीजमध्ये एकीचीच जागा होती.
टेरी बाटलीच्या या अंगाला पसरला.
बऱ्याच वेळानं शेंगी त्या अंगाला.
मधे बर्फ, आणि खाली पाण्याचा ओघळ
बोल्टाच्या भोकात जाणारा.

तिनं डोकं जमिनीला टेकवलं, त्याच्या नाकापुढं.
टेरीनं कोथिंबीर संपवली. सगळी.
देठासकट.
मग तिच्या कपाळावर एकदा जीभ फिरवली,
हिशेबाची वही उघडताना बोट ओलं करतात तशी.

इराप्पानं बिडी विझवली.
कुणी काही बोललं नाही, आणि मला आवाज आला.
अगदी बारीक, करकर करकर.
ससा सुखात असला की दातावर दात घासतो.

या छपराखाली अकरा वर्षं
आम्ही ओठ बघून बोलत होतो.
पाणी प्यायचंय, हे हातवाऱ्यानं.
कलावतीचा नवरा गेल्याचं मी
तिच्या तोंडाच्या आकारावरून समजले होते.

दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती.
इराप्पानं किल्ली खिशात टाकली आणि तसाच बसून राहिला.

सोमवारी परत भांडले दोघं, थोडंसं.
दोन केस उडाले.
मी उठलेसुद्धा नाही.